वडापमधला बोलका मोबाईल

वडापवाल्याचा जबडा माझ्या मुठीखाली आला तेव्हा मला आनंद झाला. हे आधीच लिहितो, कारण हिंसेविरुद्धची पत्रकं लिहिणारा आणि हातकणंगल्याच्या बाजारात वाटणारा मीच होतो.

तीच वाटून भर दुपारी मी नि माझा मित्र वडापनं, म्हणजे चोरून प्रवासी भरणाऱ्या जीपनं, कोल्हापूरला निघालो होतो. मित्र जन्मांध, एका कचेरीत टेलिफोन ऑपरेटर. त्या काळी मोबाईलच्या पडद्यावर जवळच्या टॉवरचं गाव उमटायचं. त्याचा मोबाईल पडदा वाचून दाखवायचा. टॉवर बदलला की आतली बाई परदेशी उच्चारात गावाचं नाव घ्यायची. त्या आवाजाच्या भरवशावर तो वर्षभर एकटा हिंडत होता. 'आलं का हो?' असं कुणाला विचारणं त्यानं सोडलं होतं.

"अतिग्रे," बाई म्हणाली.

"बाईला रस्ता पाठ हाय की!" मागनं कुणीतरी हसलं.

ड्रायव्हर हसला नाही. आदल्या आठवड्यात पोलिसांनी दोन वडाप उचलल्या होत्या.

"चोकाक."

करकचून ब्रेक लागला.

"गाडी कुठं आली ते कुणाला कळवायलाईस रं?"

"कुणाला नाही. फोन मलाच सांगतोय."

"आंधळ्याचं सोंग करतोस व्हय?"

त्यानं मित्राला कॉलर धरून खाली ओढलं, दोन कानाखाली दिल्या. मोबाईल हिसकून डांबरावर आपटला, वर टाच मारली.

मी उतरलो ते मारतच. त्याचं डोकं बॉनेटवर आदळलं, ओठ फाटला. वाकला तसा पोटात गुडघा घातला.

"अरे, आपण कुठं आहोत?" मागून मित्राचा आवाज.

"थांब जरा," म्हणालो आणि अजून एक हाणली.

"मारामारी मग कर लेका! मी रस्त्याच्या मधे उभाय का कडेला, तेवढं सांग!"

ट्रक हॉर्न देत गेला. तरी मी मागं बघितलं नाही. माझ्या मुठीत ड्रायव्हरचे केस होते.

ड्रायव्हरनंच बघितलं. "मधी हायसा पावणं, हलू नगासा!" मला ढकलून तो धावला, मित्राच्या दंडाला धरून त्यानं कडेला घेतलं. तोंडातलं रक्त थुंकला. "खरंच दिसत न्हाय व्हय तुमास्नी?"

"फोन तू फोडलास. आता मला घराच्या दारापर्यंत तूच सोडायचं."

"सोडतो. बसा म्होरं." त्यानं माझ्याकडं बघितलं. "ह्यास्नी घ्यायचं?"

"नको," मित्र म्हणाला. "त्याला चालत येऊ दे."