बुज्जीच्या पोटातला दोरा

मी दोन्ही हातांनी मांजरीचं पोट चाचपत होतो, आणि बोटांना जे लागत होतं ते काही बरं नव्हतं. निरोगी मांजरीची आतडी बोटांखालून मऊ सरकून जातात. इथं ती सगळी एका बाजूला गोळा झाली होती, आत कुणी मूठ वळून धरल्यासारखी. मी जरा दाबलं तशी ती बारीक आवाजात कण्हली. डोळे खोल गेले होते. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटलं की असं होतं.

"दोन दिस झाले, नुसती ओकतीय," अनसूयाअक्का म्हणाल्या. "पाणी पिलं की पाणी ओकतीय. त्याच्या आदी चांगली होती ओ. टॉवेलच्या ढिगावर उड्या मारत होती."

अक्कांचं घर साखर पेठेत आहे. खाली त्यांचा मुलगा व्यंकटेश याचे यंत्रमाग, वर राहणं. मागावरून उतरलेले टॉवेल वर येतात. अक्का एकेक टॉवेल मांडीवर घेऊन तपासतात आणि सुटलेले दोरे छोट्या कात्रीनं कापतात. घरात तेलुगू चालतं, आमच्याशी सोलापुरी मराठी. मांजरीचं नाव बुज्जी, म्हणजे तेलुगूत छकुली.

"काही वेगळं खाल्लं का तिनं?" मी विचारलं.

"न्हाई."

"पाल, उंदीर?"

"घराबाहेर जात न्हाई ओ ती. दूधभात, न्हाईतर मासळीचं डोकं. दुसरं काय न्हाई."

प्राण्यांच्या डॉक्टरला पेशंट काही सांगत नाही. सांगतो तो मालक, आणि मालकाला जे सांगण्यासारखं वाटतं तेवढंच तो सांगतो. म्हणून काही गोष्टी विचारत न बसता स्वतः बघायच्या असतात. मांजर सारखी ओकत असेल तर तिच्या जिभेखाली बघायचं, ही त्यातली एक. हनुवटीखालून अंगठ्यानं दाबलं की जीभ वर उचलली जाते. मी दाबलं. जिभेच्या बुडाशी एक पांढरी रेघ होती, मांसात रुतलेली. तिच्या दोन्ही कडा लाल सुजल्या होत्या.

"अक्का, हा दोरा आहे."

अक्का वाकल्या. चष्मा सारखा केला. "तो व्हय? तो तर मी कापला की."

मी मान वर केली.

"परवा तोंडातनं लोंबत होता. कापून टाकला. एवढा राहिला असंल आत."

"अम्मा, हे आदी सांगायचं का न्हाई?" तिला घेऊन आलेला व्यंकटेश मागून म्हणाला.

"त्यात काय सांगायचं? दिवसभर दोरंच कापते मी. दोरा दिसला की हात जातोच."

मला एकच गोष्ट हवी होती. "ओढला होता का?"

त्यांनी माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "दोरा कुणी ओढतंय का, डॉक्टर? ओढला की टॉवेलाला चुण्या पडतात. दोरा कापायचा असतो."

मी त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं आणि काय झालंय ते समजावलं. तेच इथं लिहितो.

मांजरीच्या जिभेवर मागं वळलेले काटे असतात. दोरा एकदा त्या काट्यांवर आला की तिला तो थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. गिळताना दोऱ्याचा एक फेरा जिभेच्या बुडाला अडकतो आणि उरलेला पोटातून आतड्यात उतरतो. आतड्याचं काम पुढं ढकलायचं. ते ढकलत राहतं. पण दोरा वर बांधलेला, तो पुढं जात नाही. मग आतडंच दोऱ्यावर चढत जातं. परकराची नाडी ओढली की कापड कसं चुण्या पडून गोळा होतं, अगदी तसं. ताणलेला दोरा मग आतून आतडं कापू लागतो. भोक पडलं की घाण पोटात पसरते, आणि त्यानंतर आमच्या हातात फार थोडं उरतं. लोंबणारं टोक ओढलं असतं तर ते भोक त्याच क्षणी पडलं असतं.

म्हणजे अक्कांनी दोरा कापला म्हणून आजाराची खूण नाहीशी झाली होती. आणि ओढला नाही म्हणून मांजर जिवंत होती. दोन्ही एकाच सवयीनं झालं होतं.

एक्स-रे काढला. आतडी उजवीकडं गोळा झालेली, आणि त्यांत हवेचे बारके बुडबुडे, पानावर स्वल्पविराम सांडावेत तसे. शंका राहिली नाही. पोट उघडायलाच हवं होतं.

इथं थोडं माझ्याविषयी सांगावं लागेल. हे क्लिनिक मी आणि माझी पत्नी मीरा मिळून चालवत होतो. ती भूल द्यायची, मी ऑपरेशन करायचो. गेल्या वर्षी ती पोटाच्या आजारानं गेली. तिच्या सर्जननं पोट उघडलं, आत पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. बाहेर येऊन त्यांनी मला जे सांगितलं ते मी डॉक्टर असल्यामुळं पहिल्या वाक्यातच समजलो. त्यानंतर मी कुठल्याच जनावराचं पोट उघडलं नव्हतं. लसी, जखमा, जंत, गोचीड एवढंच बघायचो. मोठी केस आली की पुण्याचा नंबर द्यायचो.

"पुण्याला न्यावं लागेल," मी सवयीनं म्हणालो.

"टिकंल का वाटंत?" व्यंकटेशनं विचारलं.

मी खोटं बोलू शकलो नाही. "वाटेत मोडनिंबच्या पुढं जाईल असं वाटत नाही."

"मग न्यायचं कशाला?" अक्का म्हणाल्या. "तुमी हायसा की हितं."

त्यांच्या बोलण्यात विनवणी नव्हती. दुकान उघडं आहे, मग माल का देत नाही, असं विचारावं तसा तो प्रश्न होता.

विजापूर रोडला डॉक्टर सना यांचं क्लिनिक आहे. माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान, भूल देण्यात निष्णात. मी फोन केला आणि केस सांगितली.

"भूल मी देते सर. कापणार कोण?"

"मी."

त्या म्हणाल्या, "सलाइन चालू करा. निघाले."

सुकलेल्या जनावराला भूल दिली तर ते भुलेतच जातं. म्हणून आधी शिरेतून सलाइन, वेदनेचं इंजेक्शन आणि अंगाखाली गरम पाण्याच्या पिशव्या. दुपारभर ते चाललं. अक्का बाहेरच्या बाकावर बसून होत्या. व्यंकटेश मागांकडं जाऊन यायचा आणि दरवेळी चहा आणायचा. कुणी प्यायचं नाही.

बुज्जीला थोडी धुगधुगी आल्यावर आम्ही तिला आत घेतलं. सनांनी भूल दिली, श्वासासाठी नळी घातली, आणि जिभेखालचा फेरा बारीक कात्रीनं कापला. "वरची गाठ सुटली सर. आता तुमचं."

मी पोट उघडलं.

हातभर लांबीचं आतडं वितीएवढ्या जागेत दाटलं होतं. चुणीवर चुणी, आणि प्रत्येक चुणीच्या तळाशी आतून दोऱ्याची रेघ दिसत होती. रंग बऱ्याच ठिकाणी लाल आणि एका भागात गर्द जांभळा. भोक मात्र कुठं दिसलं नाही. मी जठराला छोटा छेद दिला आणि वरचं टोक अलगद काढून घेतलं. मग आतड्याला एक छेद. दोरा चिमट्यात धरून जेवढा सहज येईल तेवढाच घ्यायचा. अडला की तिथंच कापायचा, पुढं दुसरा छेद द्यायचा आणि तिथून घ्यायचा. अक्कांचा नियम आमच्याही पुस्तकात आहे, फक्त इतक्या कमी शब्दांत नाही.

शेवटचा तुकडा बाहेर आला आणि आतडं हललं. मी त्याला हात लावला नव्हता. पहिली चुणी सुटली, मग तिच्या शेजारची, मग पुढच्या सगळ्या एकामागून एक. गोळा झालेलं आतडं माझ्या तळव्यावर हळूहळू लांब होत गेलं.

जांभळा भाग तेवढा राहिला. रक्त न मिळाल्यानं आतडं मेलं असेल तर तेवढा तुकडा कापून काढावा लागतो आणि दोन टोकं जोडावी लागतात. एवढ्या अशक्त मांजरीला ते झेपलं नसतं. पण मेलेला तुकडा आत ठेवला तर दोन-तीन दिवसांत तो फुटतो. मला तो मेलेला वाटत होता. कापण्याआधी आतडं चिमटून धरायचा क्लॅम्प मी उचलला.

"नक्को सर," सना म्हणाल्या. "थांबा जरा. श्वास चांगला चाललाय. वेळ आहे आपल्याकडं."

मी क्लॅम्प ठेवला. कोमट सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज त्या भागावर ठेवलं आणि नुसता उभा राहिलो. ऑपरेशनमध्ये काही न करता उभं राहणं सगळ्यात अवघड. गॉज उचलून पाहिलं, तर रंग तसाच. पुन्हा कोमट पाणी घातलं. दुसऱ्यांदा उचललं तेव्हा आतड्याच्या कडेला केसाएवढी एक रक्तवाहिनी उडताना दिसली. आधी ती उडत नव्हती, निदान मला दिसली नव्हती. मग कडेकडून जांभळा रंग विटकरी होऊ लागला. विटकरीचा लाल झाला. पहाटे उजाडताना कुठल्या क्षणी उजाडलं ते सांगता येत नाही, तसंच मला इथंही सांगता येणार नाही. पण बघता बघता तो भाग गुलाबी झाला होता.

आणि मग त्यातून एक लाट गेली. माझ्या डाव्या बोटापाशी आतडं किंचित आवळलं, ती आवळण पुढं सरकली, नुकत्याच मेल्यासारख्या दिसणाऱ्या त्या भागातून गेली आणि पलीकडं उतरली. मागोमाग दुसरी आली. मांजर गाढ भुलेत होती. आपलं पोट उघडं आहे हे तिला माहीत नव्हतं. तिचं आतडं मात्र अडलेलं काम पुढं चालू करून मोकळं झालं होतं.

आतड्याला स्वतःचं मज्जातंतूंचं जाळं असतं, ते मेंदूच्या हुकमाची वाट पाहत नाही, हे मी कॉलेजात वाचलंय. परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत. अनेकदा पाहिलंही असेल. त्या दिवशी मात्र मी ते पहिल्यांदाच पाहतोय असं वाटलं. वर्षभर मी शरीरावर रागावून होतो. ते आतल्या आत दगा देतं, एवढंच त्याच्याविषयी माझ्या मनात उरलं होतं. आणि इथं कुणी न सांगता, कुणी न बघता, ते असंही वागत होतं.

"सुभानल्लाह," सना स्वतःशी म्हणाल्या.

मीरा असती तर म्हणाली असती, मास्क वर घे, बघत बसलास की तुझं तोंड उघडं राहतं. मी मास्क वर घेतला आणि शिवायला लागलो.

ऑपरेशन झालं म्हणजे मांजर वाचली असं नसतं. आतड्याचे टाके दगा देतात ते नंतर. त्यामुळं बुज्जी क्लिनिकमध्येच राहिली. अक्का रोज येऊन पिंजऱ्याशी बसायच्या. हातात काम नसल्यानं त्या आपल्याच पदराची कड चाचपत राहायच्या.

"माज्यामुळं झालं का ओ?" एकदा त्यांनी विचारलं.

"दोरा तुमच्याच घरातला, अक्का. पण ओढला असता तर आज ती नसती."

त्यांनी विचार केला. "म्हंजे फिट्टंफाट."

"तसंच म्हणा."

"तसं कसं म्हनू? पुन्यांदा गिळला तर?"

याचं उत्तर नंतर देऊ, म्हणालो. आधी तिनं माशाचं पाणी चाटलं आणि ते पोटात राहिलं. मग थोडं मऊ अन्न. मग एका सकाळी पिंजऱ्यातल्या वाळूत नीट बांधलेली शी सापडली. मी सनांना लगेच फोन केला. आमच्या धंद्यात याहून गोड बातमी नसते. त्याही तिकडं हसल्या.

घरी सोडताना मी अक्कांना सांगितलं की दोरे झाकणाच्या डब्यात टाका.

"डबा ठेवीन की," त्या म्हणाल्या. "पन घरात सुताशिवाय हाय काय? धंदाच सुताचा. खाली सूत, वर सूत."

यावर माझ्याकडं इलाज नव्हता. शेवटी व्यंकटेशनं जिन्यावरच्या खोलीला जाळीचं दार बसवलं. टॉवेल मांडीवर असले की बुज्जी जाळीपलीकडं. तिथून ती अक्कांकडं रागानं बघते असं ऐकतो.

पुढं एक कुत्री आली, गर्भाशयात पू झालेली. मी पुण्याचा नंबर दिला नाही. सनांना फोन केला.

मांजर पाळणाऱ्यांना सांगायचं ते एवढंच. तोंडातून किंवा मागून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, कापूही नका, तसाच घेऊन या. आणि माझ्यासारख्या डॉक्टरांना सांगायचं ते असं की जांभळं पडलेलं सगळंच मेलेलं नसतं, रंग परतायला वेळ द्यावा. मात्र आधी दोरा काढायचा, मग थांबायचं. क्रम उलटा केला तर मांजर मरते.