शेवटचं रीळ न पटलेले डोमामामा

डोमामामा गेल्याची बातमी आमच्या जवाहरनगरच्या क्वार्टरवर आणली ती फॅक्टरीच्या बसमधून उतरलेल्या शेजाऱ्यांनी. साकोलीकडचं कोणीतरी त्यांना स्टँडवर भेटलं होतं. "वहिनी, एकोडीचे जमादार तुमचे मामाच न?" एवढं विचारून ते दारात थांबले, आणि त्या थांबण्यातच मला काय ते कळलं... या गोष्टीला आता दीड महिना होतोय. पेपरात नाव यावं असं आयुष्यात एकच काम मामांनी केलं, आणि तेव्हा ते छापून आलं नाही. म्हणून मीच लिहायला बसले आहे.

मामा एकोडीच्या धान पिकवणाऱ्या घरातले. घरात पोलिसात गेलेले ते पहिलेच. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंत, म्हणून आईनं मला त्यांच्याकडे तुमसरला ठेवलं. पोलीस लाइनीतल्या दोन खोल्या, मामा, मामी आणि मी. त्यांना मूलबाळ नव्हतं. मामा अंगानं थोराड, पण आवाज इतका हलका, की समोरच्याला पुढं झुकून ऐकावं लागे. पोलिसाला असा आवाज चालत नाही म्हणून साहेब त्यांना बोलत. मामा म्हणत, "वरडलं का माणूस पळते. हळू बोललं का जवळ येते."

आणीबाणी उठली त्या सुमारास तुमसरच्या टॉकीजला एक हिंदी सिनेमा लागला. गॅरेजात काम करणारा पोरगा, ठेकेदाराची पोरगी. झटापटीत पोराच्या हातून तिचा भाऊ मरतो, दोघं पळतात, एका पडक्या किल्ल्यात पोलीस त्यांना घेरतात आणि शेवटी हातात हात धरलेले दोघं गोळ्यांनी पडतात. साऱ्या तालुक्याला या सिनेमानं वेड लावलं. खेड्याखेड्यांतून पोरं-पोरी बैलबंड्या करून येत, डोळे सुजवून परत जात. तिकिटांच्या काळ्या बाजारावर नजर ठेवायला मामांची ड्यूटी तिथं लागली. सुटणारी गर्दी आवरायची म्हणून शेवटचं रीळ त्यांना रोज दाराशी उभं राहून बघावं लागे, आणि रोज ते धुमसत घरी येत. मामी विचारायची, "सारा गाव रडून रायला, अन् तुमी काहून चिडून रायले?"

"त्या इन्स्पेक्टरवर. भोंगा घेऊन वरडते, बाहेर या, बाहेर या... अरे, बाहेर येऊन त्या पोट्ट्यानं जावं कुठं, हे त सांग!"

आम्ही दोघी हसायचो. सिनेमातल्या पोलिसावर चिडणारा पोलीस!

सिनेमा उतरला, आणि धानकापणीच्या दिवसांत ते घडलं. जवळच्या गावातल्या एका बऱ्या शेतकऱ्याची मुलगी रत्नमाला आणि चिखल्याच्या खाणीतून मँगनीज नेणाऱ्या ट्रकचा ड्रायव्हर सुखदेव यांचं जमलं होतं. जात वेगळी. एका पहाटे ती त्याच्याबरोबर निघून जायला तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर आली, आणि मागोमाग तिचा थोरला भाऊ मनोहर काठी घेऊन आला. काठीचे दोन फटके बसल्यावर सुखदेवनं हातातली ट्रकची लोखंडी टॉमी फिरवली. ती मनोहरच्या डोक्यावर बसली. तो रक्तात पडला, हलेना. मेलाच असं समजून दोघं धावत सुटले आणि तलावापलीकडच्या पाटबंधाऱ्याच्या एका बंद पडलेल्या चौकीत शिरून त्यांनी आतून कडी लावली.

मामा दोन शिपाई घेऊन पोचले तेव्हा मुलीकडची माणसं काठ्या-कुऱ्हाडी घेऊन जमली होती. साहेबांचा हुकूम होता, भंडाऱ्याहून बंदूकवाले येईपर्यंत नुसतं घेरून ठेवा. मामा एकटेच दाराजवळ गेले.

"सुखदेव, मनोहर जिता आहे. दवाखान्यात आहे. दार उघड."

आतून तो ओरडला, "पिक्चरमंदीबी पोलीस असंच सांगते!"

मग रत्नमालेचा आवाज आला, अगदी शांत. "मामाजी, आमच्याजवळ धानावरच्या औषधाची बाटली आहे. कोणी दार तोडलं त दोघंबी पिऊन घेऊ."

मामा मला पुढं एकदा म्हणाले, तिच्या रडण्याला मी भ्यालो नसतो, त्या शांतपणाला भ्यालो. त्या दोघांनी तो सिनेमा तीनतीनदा पाहिला होता. शेवट त्यांना पाठ होता.

शिपायांना दारावर आणि नातेवाइकांना पाळीच्या अलीकडे ठेवून मामा जीप घेऊन सरळ दवाखान्यात गेले. मनोहर डोक्याला टाके आणि पट्टी बांधून पडला होता, उशाशी त्याची आई, लेकीच्या लहानपणचं काहीबाही सांगत रडणारी. मनोहरला तासभर चौकीपर्यंत नेऊ द्या म्हणून मामांनी डॉक्टरांपुढे हात जोडले. ते कसेबसे तयार झाले, पण मनोहर होईना.

"मरू द्या दोघांले," तो म्हणाला.

"मरतीन," मामा म्हणाले. "तुही माय सांगत होती, लहानपणी तिले खांद्यावर बसवून बाजारात नेत होता म्हणून. थो खांदा घेऊन मंग कुठं जाशीन, बाबू?"

मनोहरनं तोंड फिरवलं. उठली ती त्याची आई. तिनं खुंटीवरची शाल काढली, त्याच्या अंगावर टाकली आणि त्याचा हात धरून त्याला बसतं केलं.

चौकीसमोर मामांच्या खांद्याचा आधार घेऊन मनोहर नुसताच उभा राहिला. मग फळीच्या फटीतून सुखदेवचा डोळा त्याला दिसला, आणि त्यानं सुखदेवच्या सात पिढ्या उद्धरायला सुरुवात केली. शिव्या देता देता त्याला धाप लागली. आणि आतून रत्नमालेचा हंबरडा आला, "दादा! दादाच व्हय!"

मामा दाराला तोंड लावून म्हणाले, "आता तरी पटलं का? मेलेला माणूस एवढ्या शिव्या देते का?"

सुखदेव आतून रडत होता. "बाहेर येऊन मी जाऊ कुठं, जमादारसाहेब?"

"तू जेलात जाशीन, थोडे दिवस. हे पोट्टी माया घरी राहीन. अन् मंग दोघंबी जिते रायसान. आण थे बाटली इकडे."

आधी फटीतून बाटली बाहेर आली, मग कडी निघाली. कुऱ्हाडीवाले पुढं सरसावले, तर मामा सुखदेवला पाठीशी घेऊन चालत जीपपर्यंत गेले. त्या दिवशी पहिल्यांदा आणि शेवटचं ते वरच्या पट्टीत ओरडले म्हणतात, "हटा!"

बंदूकवाले दुपारी आले आणि चहा पिऊन परत गेले. जखमी माणसाला खाटेवरून उठवून नेल्याबद्दल मामांची चौकशी झाली, बढती राहिली, आणि ते जमादार म्हणूनच रिटायर झाले. त्याबद्दल त्यांच्या तोंडून एक अक्षर मी ऐकलं नाही. रत्नमाला आमच्या दोन खोल्यांत राहिली, माझ्या शेजारी चटईवर झोपली. सुरुवातीला ती जेवतच नसे. मामी ताट वाढून समोर बसून राही, स्वतःही न जेवता, की मग तिचा हात हलायचा. सुखदेव सुटून आला आणि भंडाऱ्याच्या कचेरीत दोघांचं लग्न झालं तेव्हा मुलीकडून सही मामांनी केली. आज ती चिखल्याच्या कॉलनीत राहते, दोन मुलं आहेत. मनोहर मात्र बहिणीशी कधीच बोलला नाही. मामांना ते सलायचं. म्हणत, "जीव वाचला, बाई. मन नाई वाचवता आलं मले."

रिटायर झाल्यावर ते एकोडीला गेले, आणि हळूहळू त्यांच्या ओसरीवर लोक येऊ लागले. सासरहून निघालेली सून, बापाशी भांडलेला लेक, गाव सोडायला निघालेली जोडी. कोणी ठाण्यात जाण्याआधी येई, कोणी विहिरीकडे जाण्याआधी. मामा काय सांगत, ते मला कधी नीट कळलं नाही. बहुतेक वेळ ते ऐकतच असत.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही माजघरात बसलो होतो. मामी तेरा दिवसांत धड बोलली नव्हती, रत्नमाला तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. तेवढ्यात अंगणात कोणी खाकरलं. लांबच्या कुठल्याशा गावचा एक म्हातारा आणि त्याच्यामागे पदर दातांत धरलेली त्याची लेक. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. "जमादार आहेत का घरी?" म्हाताऱ्यानं विचारलं. मीच उठायला लागले, तर मामीनं मला खाली बसवलं. ती भिंतीला धरून उठली, ओसरीवर गेली, सतरंजी झटकून अंथरली.

"बसा," ती म्हणाली. मग त्या मुलीकडे वळून, अगदी हळू, इतकं हळू की मुलीला पुढं झुकावं लागलं, "सांग माय, काय झालं थे."