सादोकने फुकट दिलेली खूण

तबरका बंदराच्या धक्क्यावर सादोकला लोक माणूसघाणा म्हणत. ते खरं नव्हतं. त्याला एकाच माणसाचा तिटकारा होता, आणि त्यात मात्र तो कसर ठेवत नसे.

मरताना बापाने त्याला एक खूण दिली: होडीतून बघताना डोंगराची दोन शिखरं एकामागे एक आली आणि पश्चिमेचा सुळका एकटा पडला, की खाली सहाशे मीटरवर बांबू-पोवळ्यांचं रान. पांढरी पेरं, मध्ये काळपट सांधे, मुळ्या चिखलात. आसऱ्याला मोठे मासे. अशी खूण बायकोलाही सांगायची नाही, हा तिथला रिवाज. सादोक गळांची दोरी अलगद सोडी, अलगद ओढी.

एका विरळ धुक्याच्या सकाळी ट्रॉलरवाला मुन्जी त्याच्या मागावर गेला. कोळंबीसाठी तीन दिवस त्याने जड जाळं त्या रानावरून फिरवलं. परतल्यावर त्याने पोवळ्याची मोडकी फांदी कॅफेच्या दारावर टांगली.

"सादोक, तुझ्या बापाच्या बागेची छाटणी केली रे! मजुरी नको, दोस्तीखात्यात धर!"

सगळे हसले. सादोकही हसला. जाणत्यांनी तेव्हाच मुन्जीसाठी दुवा मागायला हवी होती.

सादोकने फांदी घरी नेली आणि चार वर्षं जपली. मग समुद्राचा अभ्यास करणारी रमला बंदरात आली. तिच्याशी कोणी बोलेना. सादोकने फांदी तिच्यापुढे ठेवली.

बुंध्याची वलयं मोजून ती म्हणाली, "सादोककाका, हे दीडशे वर्षांचं आहे. मोडलेलं आपल्या हयातीत परत यायचं नाही. उरलेलं वाचेल, जागा सांगा. पण तिथे मासेमारीवर बंदी आली तर तुमच्या दोरीलाही येईल."

सादोकने चहा संपवला. बापाची मनातल्या मनात माफी मागितली आणि खूण सांगितली. दोनदा, ती नीट लिहून घेते ना, हे बघत.

बंदी यायला दोन वर्षं लागली. मुन्जी कॅफेत थडकला.

"जागा कोणी सांगितली?"

"मी."

"बापाची खूण विकलीस?"

"छे, फुकट दिली."

"स्वतःचं नाक कापून मला अपशकुन! आता खाशील काय?"

"पाव आणि हरीसाची चटणी. तुझा ट्रॉलर काय खाईल?"

या वेळी कोणी हसलं नाही.

दुसरीकडे तेवढी कोळंबी मिळेना; ट्रॉलर दीड वर्ष धक्क्याला गंजत पडला. सादोक आता किनाऱ्यालगत तारल्या पकडी आणि होडी मुद्दाम त्या ट्रॉलरच्याच शेजारी बांधी. मासे उतरवायला ती जागा गैरसोयीची होती. पण नजारा चांगला होता.