फळीवर उरलेला जोड

आमच्या थोरल्या जाऊबाईंना गावात सगळे ‘चपलाबाई’ म्हणतात. लग्न होऊन आले तेव्हा मला ते ऐकून राग आला होता. त्यांना नाही आला. खोटं काय आहे त्यात, म्हणाल्या आणि भाजी निवडायला बसल्या.

त्यांचं काम सांगते. किनाऱ्यापासून थोडं आत, पाण्यात, एक जुना किल्ला आहे. ओहोटी लागली की तिकडे जाणारी दगडी वाट उघडी पडते, चारएक तास कोरडी राहते आणि भरती आली की पुन्हा बुडते. तेवढ्या वेळात माणसं चालत जाऊन किल्ला बघून येतात. वाटेच्या तोंडाशी फाटक, फाटकाशी छपरी आणि छपरीत लाकडी खुर्चीवर जाऊबाई. आधी त्या खुर्चीवर माझे थोरले दीर बसत. ते गेल्यावर कचेरीने जागा जाऊबाईंना दिली, कागदावर ‘तात्पुरती’ असं लिहून. ते तात्पुरतं आता एकवीस वर्षांचं झालं.

पूर्वी आत जाणाऱ्याला नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा. परत येताना द्यायचा. लोक काय करत, तर आठवण म्हणून खिशात घालून घरी नेत. भरतीच्या वेळी दहा-बारा बिल्ले कमीच. दहा माणसं आत अडकली की दहा जणांनी बिल्ले ढापले, कळायला मार्ग नाही. त्यातच एक मुलगी शेवाळावरून घसरून हात मोडून बसली. जाऊबाई तडक शाळेत गेल्या आणि खेळाच्या तासाचे जुने कॅनव्हासचे बूट मागून आणले, खरखरीत तळाचे. तेव्हापासून नियम झाला: आपल्या चपला फळीवर ठेवायच्या, बूट घालून किल्ल्यावर जायचं, आल्यावर अदलाबदल.

आणि मग त्यांच्या लक्षात आलं की बिल्ला माणूस विसरतो, पण स्वतःच्या चपला सोडून कोणी घरी जात नाही. फळ्या रिकाम्या झाल्या की किल्ला रिकामा. मोजायला नको, लिहायला नको.

एकवीस वर्षं लोकांच्या चपला बघून त्यांना माणसं कळायला लागली. एकदा एका नव्या जोडप्याने आपापले जोड दोन टोकांच्या फळ्यांवर ठेवले. जाऊबाई मला हळूच म्हणाल्या, सकाळीच वाजलंय यांचं. परत येताना मात्र त्याने तिचाही जोड काढून दिला, तेव्हा जाऊबाईंना इतका आनंद झाला, जणू वाटाघाटी त्यांनीच केल्या होत्या.

पण गेल्या वर्षी घोटाळा झाला. भरतीच्या तोंडाशी फळीवर सोनेरी पट्ट्यांच्या सँडल उरल्या. जाऊबाईंनी घंटा वाजवली. घंटा वाजली की फाटक बंद, होडी पाण्यात आणि माणूस सापडेपर्यंत एकही गाडी हलायची नाही. दीड तास शोधाशोध झाली. दोन बसमधल्या लोकांची आगगाडी चुकली. आत कोणीच नव्हतं. चौथ्या दिवशी टपालाने बूट परत आले, सोबत चिठ्ठी: तुमच्या बुटांत पाय इतके सुखावले की तशीच घरी गेले, माफ करा.

सहलवाल्यांनी तक्रार केली. कचेरीतल्या साहेबांनी जाऊबाईंना बोलावून लेखी ताकीद दिली की पुन्हा उगाच घंटा वाजली तर खुर्चीही जाईल, चपलांची मांडणीही जाईल आणि बिल्ले परत येतील. वर, पायीची वहाण पायीच बरी असते बाई, असंही ऐकवलं. त्या दिवशी त्या घरी येऊन जेवल्या नाहीत. खुर्ची जाईना का, म्हणाल्या, पण बिल्ले आणणार म्हणतात गं.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलंय, कारण त्या दिवशी डबा घेऊन मीच गेले होते. सुट्टीचा दिवस, दोन मोठ्या सहली. चारच्या सुमाराला पाणी वाटेच्या कडेला लागलं, तेव्हा फळ्या भराभर रिकाम्या झाल्या. एक जोड उरला. साध्या पुरुषी चपला.

जाऊबाई जागच्या उठल्या. सहलवाल्याला विचारलं, तुमची सगळी आली का. त्याने बसमध्ये दोनदा मोजली होती, सगळी होती. दुसऱ्या बसचीही पुरी होती. होडीवाला म्हणाला, गेला असेल कोणी बूट घालून, मागच्या वेळेसारखा. सहलवाल्यालाही ती गोष्ट ठाऊक होती. तो हसत म्हणाला, “मावशी, आज कोणाची आगगाडी चुकवताय?”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मीही त्यांना तेच म्हटलं. म्हटलं, जाऊबाई, सगळे मोजून झालेत, तुमच्या नावाचा कागद कचेरीत आहे, विचार करा.

त्यांनी चप्पल उचलून उलटी केली. माझ्यासमोर धरली.

“ही बघ. अंगठा तीनदा शिवलाय. तिसऱ्यांदा घरीच, दाभणाने. एवढी जपलेली चप्पल टाकून कोण जाईल गं?”

 मी काही म्हणायच्या आत त्यांनी घंटेची दोरी ओढली होती.

पुढची वीस मिनिटं बसमधून जे ऐकू आलं ते लिहीत नाही. सहलवाल्याने तिथूनच कचेरीला फोन लावला. जाऊबाईंनी पदर खोचला आणि होडीवाल्याबरोबर स्वतः गेल्या. मी फाटक धरून उभी होते आणि हातात त्या चपला होत्या, कशाला घेतल्या होत्या देव जाणे. वाट बुडाली. एकेक दगड दिसेनासा झाला.

होडी परत आली तेव्हा तीत तिसरा माणूस होता. सत्तरीचे एक गृहस्थ, पाय सुजून भोपळ्यासारखा झालेला. मागच्या बुरुजाखाली पायऱ्या उतरताना पाय मुरगळला होता आणि लाटांच्या आवाजात हाक कोणाला ऐकू गेली नव्हती. जाऊबाई पोचल्या तेव्हा पाणी खालच्या पायरीवर आलं होतं. ते कुठल्याच बसचे नव्हते. एकटे, स्टँडवरून चालत आले होते. घरी कोणी वाट बघणारं नव्हतं, म्हणून कोणाला सांगूनही आले नव्हते. सहलवाल्याने दोनदा मोजलं ते बरोबरच होतं. यांना मोजणारं कोणी नव्हतं, एवढंच.

होडीतून उतरल्यावर त्यांनी माझ्या हातातल्या चपलांकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, जुन्या झाल्यात हो, फेकायच्याच होत्या. जाऊबाई म्हणाल्या, फेकू नका, चांगल्या शिवल्यात.

सहलवाल्याने त्यांना बसमध्ये पुढची जागा दिली आणि दवाखान्यापर्यंत नेलं.  जाताना वाकून, स्वतःचे बूट ठेवले होते ती फळी रुमालाने पुसून गेला.

दोन दिवसांनी साहेब आले. मी मुद्दाम डबा लवकर नेला होता. वाटलं, आता माफी मागतील, नाहीतर निदान ताकीद मागे घेतली म्हणतील. त्यांनी तसलं काही केलं नाही. छपरीत आले, इकडेतिकडे पाहिलं, किल्ला बघायचाय म्हणाले. मग खाली बसले आणि आपल्या चकचकीत बुटांच्या नाड्या सोडायला लागले. बूट स्वतःच्या हाताने फळीवर ठेवले, एका मळक्या स्लीपरच्या शेजारी.

जाऊबाईंनी त्यांच्या पावलांकडे एक नजर टाकली आणि मापाचा जोड अचूक काढून दिला.

“साडेपाचच्या आत परत या, साहेब. नाहीतर घंटा वाजेल.”

साहेब बरं म्हणाले. साडेपाचला दहा कमी असताना परतही आले.

हल्ली बाजारात कोणी ‘चपलाबाईंची धाकटी जाऊ’ म्हणून माझी ओळख करून दिली, की मी थांबते, आणि किती घाई असली तरी दोन शब्द जास्त बोलते.