उपासाला उपाशी

विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेल्या त्या वर्षांत परभणीचं आमचं कॉलेज कधी चालू, कधी बंद. चालू असलेल्या एका दिवशी जीवशास्त्राच्या सरांनी असं काही सांगितलं की मी बाकावरून उडालेच! पोट रिकामं राहिलं की पेशी आपल्याच आतला मोडका माल मोडून वापरते, स्वच्छ होते म्हणे. त्यानं म्हातारपण निरोगी जातं का, ते अजून नक्की ठाऊक नाही, असंही सर म्हणाले. ते मी निम्मंच ऐकलं. डोळ्यांपुढं वडील होते.

तिफणीवर बी सोडायची लाकडी वाटी असते, तिला आमी चाडं म्हणतो. त्यावर बियाण्याची मूठ धरावी तर आमच्या वडलांनीच, असं गाव म्हणायचं. पण अंग सुटलं, गुडघे धरले, अन् यंदा रब्बीची ज्वारी चुलत्यानं पेरावी असं घरात ठरायला लागलं. वडील त्या बोलण्यातून उठून जायचे. मला लय वाईट वाटायचं.

अन् उपास तरी किती! एकादशी, चतुर्थी, पोखर्णीच्या नरसिंहाचा शनिवार. फराळाला खिचडी, भगर, दाण्याची आमटी, वर रताळ्याचा कीस. एकादशी अन् दुप्पट खाशी!

एस्टीतून उतरले ती अंगणातूनच ओरडले, "दादा, उपासाला काहीच खायचं न्हाई! नुसतं पाणी!"

वडलांचा खिचडीचा घास हातातच राहिला. "उपासाच्या दिवशी उपाशी ऱ्हायचं? याला काय उपास म्हणतेत व्हय? लोक म्हणतील, घरात साबुदाणा न्हाई!"

माय पदराआड हसायली होती. मी मात्र पेटले होते. पाटीवर पेशी काढली, तिच्यातला मोडका माल काढला. "आतली झाडलोट हाय ही!"

त्यांनी पाटी हातात घेतली. मग हळूच म्हणाले, "मूठ धरता येईल का त्यानं?"

"करून तर बघा!"

पहिल्या शनिवारी साऱ्या घरावर खेकसले. तरी पुढं पावसाळाभर खिचडीला शिवले नाहीत. अंग उतरत गेलं. ते पेशीनं केलं, साबुदाणा सुटल्यानं, का नुसत्या हट्टानं, देव जाणे!

पेरणीच्या दिवशी वडील तिफणीमागं उभे. मी बांधावर, जीव मुठीत. शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिफणीचं एक तास झालं, दुसरं झालं, माणूस थांबेचना! दिवस कलला तसा बैलं हाकणारा चुलता म्हणाला, "दादा, उद्या मी धरू का?"

"तू बैलं हाक," वडील म्हणाले. "मूठ माझी हाय."

मला तर रडूच फुटलं.