हिम्मतरावांची मोटर

हैदराबादच्या काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीत दिवसाआड सकाळी सहाला नळ येतो आणि सातला जातो. त्या तासात तेरा घरांच्या तेरा मोटरी थेट नळाला लागून पाणी ओढतात. हे बेकायदेशीर असल्यामुळे त्याबद्दल कुणी बोलत नाही. फक्त घरघर ऐकू येते.

चौदावं घर गल्लीच्या टोकाला, शांताबाईंचं. त्या निवृत्त शिक्षिका. मोटर लावणं तत्त्वात बसत नाही. त्यांच्या तत्त्वांना आम्हा सगळ्यांचा मान होता आणि त्यांच्या नळाला हवा होती. गुडघे गेलेले, बादल्या उचलवेनात. पुण्याहून मुलगा पराग दर रविवारी फोनवर सांगे, "आई, उन्हाळ्याआधी घर विकून टाक, इकडे ये." त्यांना जायचं नव्हतं.

पहिलं घर हिम्मतरावांचं आणि गल्लीतली सगळ्यात दांडगी मोटरही त्यांचीच. मूळचे उदगीरकडचे शेतकरी. नोकरी सरकारी गोदामात झाली. निवृत्तीनंतर त्यांनी तक्रारींना वाहून घेतलं होतं. मागच्या चर्चच्या लाऊडस्पीकरची तक्रार करायला ते एका रविवारी गेले. पास्टरने खुर्ची दिली, चहा दिला आणि आवाज खरोखरच कमी केला. साठ वर्षांत तक्रार ऐकून कुणी काही केल्याची ही पहिलीच वेळ. हिम्मतराव पुढच्या रविवारी पुन्हा गेले. वर्षभराने त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्यांच्या बायकोने, भामाकाकूंनी, देवघर हलवलं नाही. "तुमचा देव तुमच्यापाशी," त्या म्हणाल्या. "पण रविवारचं मटण तुम्हीच आणायचं."

चर्चमध्ये महिन्यातून एकदा लोक साक्ष देतात. उभं राहून सांगायचं, मी असा होतो, आता असा आहे. पापं सहसा जुनी असतात: सुटलेली दारू, सुटलेले पत्ते. हिम्मतरावांना हा रिवाज कुणी समजावला नव्हता. ते उठले आणि मोडक्या तेलुगूत म्हणाले, "मी वीस वर्षं मोटर लावून गल्लीचं पाणी चोरतो."

लोक आमेन म्हणायच्या बेतात होते.

"कधी सोडलं?" पास्टरने प्रेमाने विचारलं.

"सोडलं नाही. आज सकाळीपण लावली होती."

चालू पापाला आमेन म्हणावं की नाही, हे ठरेपर्यंत हिम्मतराव खाली बसले होते.

घरी येऊन त्यांनी मोटर काढली. भामाकाकू म्हणाल्या, "काढली तर विका तरी."

"विकली तर पाप दुसऱ्या गल्लीत जाईल."

"मग आंघोळीला येशूकडे जावा."

मोटर दारात पडून राहिली. काकूंनी तिच्यावर तुळशीची कुंडी ठेवली.

इथवर एकट्याचं वेड म्हणून चालून गेलं असतं. पण पास्टरने सांगितलं होतं, ज्याचं घेतलं त्याची माफी मागावी. हिम्मतराव दारोदार निघाले. सगळे नक्की घरात सापडतात ती वेळ सकाळी सहा ते सात.

"लक्ष्मणराव, मी तुमचं पाणी चोरलं. माफ करा."

लक्ष्मणरावांच्या पाठीमागे मोटर घरघरत होती. "केलं माफ. चला, निघा आता."

"असं उभ्या-उभ्या नक्को. मनापासून करा." हिम्मतराव खुर्चीत बसले. मोटरीबद्दल चकार शब्द नाही. थोड्या वेळाने लक्ष्मणराव आत गेले आणि घरघर थांबली.

"ह्या उमरीत काय लफडं लावून घेतलं हो तुम्ही?" बाहेर येऊन ते म्हणाले.

"हौ, लफडंच आहे," हिम्मतराव म्हणाले आणि चहा मागितला.

ते कुठल्या दिवशी कुणाकडे बसतील याचा नेम नसे आणि एकदा मागितलेली माफी पुन्हा मागायला त्यांची हरकत नसे. येशूच्या पुनरागमनाची वेळ कुणाला ठाऊक नाही म्हणतात, हिम्मतरावांचीही नव्हती. चोरीची माफी मागणाऱ्यासमोर चोरी चालू ठेवायला जी निर्लज्जता लागते, ती आमच्यापैकी कुणाकडेच पुरेशी निघाली नाही. होळीपर्यंत गल्लीत सकाळी कावळे ऐकू येऊ लागले.

शांताबाईंकडे ते दोन भरलेल्या बादल्या घेऊन जात. त्या बादल्या ठेवून घेत, माफी परत पाठवत. "वीस वर्षांचं पाणी दोन बादल्यांत फिटत नाही, हिम्मतराव."

मार्च संपता संपता एका सकाळी त्यांचा नळ खोकला. आधी हवा, मग तांबडं पाणी, मग करंगळीएवढी धार. शांताबाईंनी धारेखाली बादली ठेवली आणि ती भरेपर्यंत बघत उभ्या राहिल्या. मग परागला फोन लावला. "येत नाही मी. इथं पाणी आलंय."

हिम्मतराव नेहमीप्रमाणे बादल्या घेऊन दारात उभे होते.

"परत न्या त्या," बाई म्हणाल्या. "भामाला लागतील."

"मग माफ केलं का, बाई?"

"बघू. मे महिना जाऊ द्या."