टोक उशिरा फिरतं

देवाधर्माशी माझं कधी फारसं जमलं नाही. मी पुण्यात एका कारखान्यात हृदयापर्यंत जाणाऱ्या बारीक नळ्यांचे आराखडे करते. अमळनेरजवळच्या आमच्या गावी आई दर श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरी बसवते आणि मी नोकरीचं निमित्त सांगून टाळते. "तुझी कानबाई माझ्या मोजपट्टीत बसत नाही," असं मी आईला चिडवायचे. गेल्या उन्हाळ्यात नानांच्या, माझ्या वडिलांच्या, छातीत कळ आली, त्यांना जळगावच्या रुग्णालयात आणलं, मी पुण्याहून पोहोचले, आणि माझी मोजपट्टी माझ्याच अंगावर आली.

मनगटातून नळी घालून हृदयाची तुंबलेली शीर मोकळी करायची होती. सिस्टरच्या ट्रेमध्ये मला ओळखीचं पाकीट दिसलं. "ही तर मी केलेली नळी," मी बोलून गेले. आणि मग तिची खोड आठवली. वळणाच्या शिरेत बाहेरून नळीची मूठ फिरवली तरी आतलं टोक लगेच फिरत नाही, जरा उशिरा फिरतं. धीर न धरता फिरवतच राहिलं, तर साठलेला पीळ एकदम सुटतो आणि टोक शीर फाडू शकतं. "फिरवल्यावर थांबा" ही सूचना मी नळीसोबतच्या माहितीपत्रकात आधी ठळक लिहिली होती. पुढे जागा पुरेना, तेव्हा मीच ती शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ढकलली. डॉक्टरांना हे काय शिकवायचं, असंही मनात होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे स्वतःची चूक कबूल करायची, आणि मी ते टाळलं. नाना मात्र स्ट्रेचरवरून हसले. "तू करेल नळी शे ना? मंग मी कसाले भिऊ?" म्हणाले. दार बंद झालं. त्यांचा तो विश्वास मला शिक्षेसारखा वाटला.

मला तिथे उभं राहवेना. मी रुग्णालयाच्या अंगणात आले. एक म्हातारे माळीबाबा झाडांना पाणी घालत होते. त्यांच्या रबरी नळीला पीळ पडून पाणी अडलं होतं. माझे डोळे पाहून ते म्हणाले, "रडू नको माय. हाई नळी देख. अडकनी का वढानं नई. जराखा फिरावानं नि उगी ऱ्हावानं. पीळ आपसूक निंघस." त्यांनी नळी फिरवली आणि खरंच नुसते उभे राहिले. थोड्या वेळाने पाणी आलं.

मी धावत सुटले. बंद दार दोन्ही हातांनी वाजवलं आणि सिस्टरला सगळं सांगितलं, पत्रकातल्या चुकीसकट. "डॉक्टरांना म्हणावं, फिरवून थांबा." ती आत गेली. मग माझ्या हातात काहीच उरलं नाही. मी भिंतीला टेकून, आयुष्यात पहिल्यांदा, कानबाईला म्हटलं, "माय, मला फिरवता येत होतं तेवढं फिरवलं. आता तू."

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. "टोक हलत नव्हतं. मी आणखी पिरगळणारच होतो, तेवढ्यात तुमचा निरोप आला," म्हणाले. नाना सुखरूप होते. मी तिथेच खाली बसून रडले.

दुसऱ्या दिवशी माळीबाबांच्या पाया पडले. त्यांना काही आठवेना. "नळी का? ती ते रोजच अडकस," एवढंच म्हणाले. त्यांना कोणी पाठवलं होतं की ते रोजच्यासारखे पाणी घालत होते, याचा काथ्याकूट मी करत नाही. मला त्या घटकेला ते दिसले, यासाठी मी हात जोडते.

आता ती सूचना पत्रकाच्या पहिल्या पानावर ठळक आहे. या श्रावणात कानबाईपुढे मी आईच्या शेजारी बसले. नाना प्रसादाचे रोट खात होते. आईने हळूच विचारलं, "काय मांगं तू?"

"काहीच नाही," मी म्हटलं. "नुसती थांबले."